काट्याचे वजन आणि देहाची प्रत

धान्याच्या व्यापारात आयुष्य घालविलेल्यांस एक गोष्ट पक्की ठाऊक असते. काटा वजन सांगतो, मालाची प्रत सांगत नाही. ओल धरलेल्या गव्हाचे पोते काट्यावर भरपूर उतरते. नमुना काढून तळहातावर घेतल्यावाचून खरी स्थिती उमगत नाही.

देहाचेही तसेच आहे. "वीस वर्षांत आमचे वजन वाढले नाही," असे आमचे कित्येक व्यापारी बंधू अभिमानाने सांगतात. परंतु चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात. मांड्या व दंड यांतील स्नायू जितके कमी झाले तितकीच चरबी पोटावर चढली, तर काटा जागचा हलत नाही.

याचे बोलके उदाहरण पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःवरूनच दिले. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा अंक दोघांचाही २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के निघाली. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम काय तो रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी धावत गाठण्याचा, असे त्यांनी थट्टेने नमूद केले आहे. गादीवर बसणाऱ्या आम्हां मंडळींस हे चित्र परके नाही.

स्नायू हे साखरेचे मोठे गोदाम होय. भोजनानंतर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या साहाय्याने बहुतांशी तेथेच जाते. गोदाम आटले आणि आवक मात्र पूर्वीइतकीच राहिली, तर साखर रक्तात तुंबते व उरलेल्याची चरबी होते. उलट, श्रम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेतो. भोजनोत्तर शतपावलीचा गुण यातच आहे.

उपवास आमच्या धर्मात आत्मशुद्धीसाठी सांगितला आहे. पोट उतरविण्याचा तो उपाय नव्हे. व्यायामावाचून केवळ अन्न तोडले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून पोळी, भात, तूप व मिठाई यांत काटकसर करावी, पण डाळीत करू नये. प्रौढास देहाच्या दर किलोमागे दिवसास सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसास पन्नास ग्रॅम. शंभर ग्रॅम कोरड्या मूगडाळीत ती सुमारे २४ ग्रॅम असतात. वाटीभर पातळ वरणात डाळ किती थोडी असते, हे आम्हां डाळ विकणाऱ्यांस कोणी सांगावयास नको. मूग, मटकी, दूध, ताक यांची जोड द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांस विचारूनच हा बदल करावा.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंस ताण देणारा व्यायाम सांगते. नुसत्या फिरण्याने दुसरा भाग साधत नाही. बैठका, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याची बादली उचलणे, एवढ्यानेही आरंभ होतो. आमच्या तरुणपणी दुकानात पोते सरकविण्यास हात लागत असे. आज मुले सकाळी बसतात ती दिवेलागणीस उठतात, आणि पस्तिशी-चाळिशीतच मधुमेहाची गोळी सुरू झालेली आम्ही जवळच्या घरांतून पाहतो.

तेव्हा बंधूंनो, काट्याबरोबर टेपही हाती घ्यावी. पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रियांचा ८० याहून अधिक भरल्यास, वजन कितीही समाधानकारक असो, सावध व्हावे, ही विनंती.