चरणपूर कुठं आहे?

'स्वदेस' हा सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो शिरवळला, शेजारच्या काकांच्या घरी, २००५ सालच्या उन्हाळ्यात. थिएटरात तो आदल्या डिसेंबरात येऊन गेला होता. सव्वातीन तासांचा सिनेमा, म्हणून तीन सीडी होत्या. दहा-बारा पोरं सतरंजीवर, मोठी माणसं कॉटवर आणि दारात चपलांचा ढीग. भारनियमनाचे दिवस होते ते. वीज कधी जाणार याचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि ती त्याआधीच जायची. त्यामुळे पडद्यावर चरणपूर गावातली वीज गेली तेव्हा आमच्या खोलीत मोठा हशा पिकला. एवढं ओळखीचं दृश्य त्या वेळच्या हिंदी सिनेमात दुसरं नव्हतं.

तेवढ्यात कॉटवरून आजीचा आवाज आला. "अगं बाई, ही आपली कृष्णाबाई की!"

आजीचं माहेर वाईच्या बाजूचं. सिनेमातलं चरणपूर उत्तर प्रदेशातलं, हे शाहरुख खाननं आम्हाला सांगितलेलं, त्यामुळे आम्ही तिला गप्प केलं. ती मात्र हटली नाही. "हा मेणवलीचा घाट हाय. नाना फडणीसांचा," असं तिनं दोनदा सांगितलं. तिसऱ्या सीडीला आमच्याकडची वीज खरोखरच गेली आणि शेवट पाहायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

आजीचंच खरं होतं. चरणपूरचं बहुतेक चित्रीकरण मेणवलीत झालं. शिरवळहून निघालं की खंबाटकीचा घाट चढून उतरायचं, सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं आणि वाई गाठायची. तिथून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. एवढ्या जवळ असूनही आमच्यासाठी ते गाव 'उत्तर प्रदेशात' होतं!

पुढं मी शाळेत विज्ञान शिकवायला लागलो आणि दोन वर्षांपूर्वी नववीची सहल घेऊन मेणवलीला गेलो. घाट पाहिला आणि पहिली गोष्ट जाणवली ती ही, की सिनेमानं इथं फारसं काही उभं करायची गरजच नव्हती. १७६८ साली हे गाव नाना फडणीसांकडे आलं. त्यांनी नदीकाठी सहा चौकांचा वाडा बांधला, वाड्यामागं कृष्णेवर चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट बांधला, मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन देवळं उभी केली. देवळाजवळ एक मोठी पंचधातूची घंटा टांगली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हाच्या लुटीतली ही घंटा. मेरीची घंटा शंकराच्या देवळापाशी गेली अडीचशे वर्षं आहे आणि तिथल्या कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आता प्रश्न असा, की उत्तरेकडचं गाव दाखवायला सिनेमावाले इतक्या लांब साताऱ्याच्या बाजूला का येतात? 'मृत्युदंड' (१९९७), 'गंगाजल' (२००३), 'ओंकारा' (२००६), 'दबंग' (२०१०) या सगळ्यांनी बिहार किंवा उत्तर प्रदेश शोधला तो वाईच्या आसपास. त्याचं मूळ पेशवाईत आहे. रास्त्यांसारख्या सरदारांनी कृष्णाकाठी एकामागून एक घाट आणि देवळं बांधली. वाईचा ढोल्या गणपती १७६२ सालचा, तोही रास्त्यांनीच बांधलेला. वाईला दक्षिण काशी म्हणायची पद्धत पडली ती याच वैभवामुळं. कॅमेऱ्याला काशी आणि दक्षिण काशी यांतला फरक चटकन कळत नाही. शिवाय मुंबई एका दिवसाच्या प्रवासावर, आणि नटमंडळींच्या मुक्कामाला पाचगणी-महाबळेश्वरची हॉटेलं हाताशी. सिनेमावाल्यांना आणखी काय हवं?

घाटावर मुलांनी 'शाहरुख कुठं उभा होता' हे शोधण्यात अर्धा तास घालवला. मी मास्तर असल्यामुळं मला थोडं भूगोल-विज्ञान सांगणं भाग होतं. सिनेमातला मोहन भार्गव नासात ज्या प्रकल्पावर काम करतो, तो खरा होता हे मी सांगितलं. पृथ्वीवर कुठं किती पाऊस पडतो हे अवकाशातून मोजायचं, असा तो प्रकल्प. सिनेमा आला तेव्हा तो कागदावर होता. तो उपग्रह जपानमधून प्रत्यक्षात उडाला तो आपल्या घड्याळानुसार २८ फेब्रुवारी २०१४ रोजी, मध्यरात्र उलटून काही मिनिटांनी. म्हणजे आपल्या राष्ट्रीय विज्ञान दिनी!

यावर एका मुलीनं विचारलं, "सर, पण सिनेमात वीज तयार करतात ती जागा कुठाय?"

प्रश्न योग्य होता. आम्ही ज्या घाटावर उभे होतो तिथं ती जागा असणं शक्य नाही. पाण्यापासून वीज काढायची तर दोन गोष्टी लागतात, पाणी आणि त्याची पडण्याची उंची. समजा, सेकंदाला शंभर लिटर पाणी दहा मीटरवरून पडतंय. शंभर गुणिले दहा गुणिले गुरुत्वाकर्षणाचे ९.८, म्हणजे ९,८०० वॅट. पाइपात, चक्रात आणि जनित्रात मिळून त्यातली निम्मी शक्ती वाया जाते असं धरलं, तरी ४,९०० वॅट उरतात. चाळीस वॅटचे सव्वाशेच्या आसपास दिवे. एका लहान गावाची रात्र त्यात निभावते. पण मेणवलीला कृष्णा सपाटीवरून वाहते. पायऱ्या कितीही सुंदर असल्या तरी नदी त्या पायऱ्या उतरत नाही.

मग मी मोठ्या रुबाबात सांगितलं, की ती जागा आपल्याच महाराष्ट्रात आहे. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, धडगाव तालुक्यातलं बिलगाव. अमेरिकेत शिकलेले रवी कुचिमंची आणि त्यांच्या पत्नी अरविंदा पिल्ललमर्री नर्मदेच्या खोऱ्यात कामाला आले. केरळातल्या तंत्रज्ञांच्या मदतीनं आणि गावकऱ्यांच्या श्रमदानातून तिथल्या धबधब्यावर सुमारे १५ किलोवॅटचं छोटं वीजघर उभं राहिलं. जानेवारी २००३ मध्ये तिथल्या पाड्यांत दिवे लागले. आशुतोष गोवारीकरांच्या सिनेमातल्या वीजघरामागं हेच काम आहे असं मानलं जातं. हे मी वर्गात दरवर्षी सांगत आलो होतो. शाळेच्या व्हरांड्यात मी केलेल्या विज्ञान-भित्तिपत्रकावर नकाशासह लिहिलेलंही होतं : 'बिलगाव, जि. नंदुरबार. येथे गावकरी धबधब्यापासून वीज तयार करतात.'

"मग सर, पुढची सहल तिकडं न्या ना," ती म्हणाली.

सहलीची चौकशी करायला बसलो तेव्हा मला कळलं ते असं. मार्च २००६ मध्ये सरदार सरोवराची उंची ११०.६४ मीटरवरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली. त्याच पावसाळ्यात धरणाच्या फुगवट्याचं पाणी बिलगावपर्यंत चढलं आणि ते वीजघर बुडालं. सिनेमाला तोवर दोन वर्षंही झाली नव्हती. म्हणजे आम्ही सतरंजीवर बसून पडद्यावर म्हातारीच्या झोपडीतला दिवा लागताना पाहिला, त्याच्या पुढच्याच वर्षीच्या पावसाळ्यात खरं वीजघर पाण्याखाली गेलं. आणि मी मात्र मास्तर झाल्यापासून ते चालू आहे असं मुलांना सांगत होतो. पाठ्यपुस्तकातली चूक दाखवायला मी नेहमी पुढं. माझी चूक मात्र भिंतीवर, ठळक अक्षरांत, नकाशासह होती.

नीट पाहिलं तर हे प्रकरण विचित्र आहे. सरदार सरोवरही वीजच तयार करतं. त्याची क्षमता १,४५० मेगावॅट आणि त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. छोट्या विजेला मोठ्या विजेनं बुडवलं. धरणाच्या बाजूनं बोलणारे सांगतील, की कच्छ-सौराष्ट्रापर्यंत पाणी पोचलं ते याच धरणामुळं, आणि ते खोटं नाही. मी इथं धरणाचा निवाडा करायला बसलेलो नाही. पण माझ्या लहानपणीच्या सिनेमाचं स्थळ पाहायला लोक मेणवलीला येतात, फोटो काढतात, घाट जिथल्या तिथं असतो. ज्या जागेमुळं सिनेमात दिवा लागला, ती मात्र सहलीच्या यादीत घालता येत नाही.

सुट्टीनंतर मी वर्गात हे सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले. त्याच मुलीनं भागाकार केला. १,४५० मेगावॅट भागिले १५ किलोवॅट, उत्तर जवळपास सत्त्याण्णव हजार. "एवढ्यातनं त्यांना पंधरा देता आले असतील ना, सर?" तिनं विचारलं. मी तिला म्हटलं, आकडेमोडीत नक्कीच येतात.

मधल्या सुट्टीत ती आणि दोघी-तिघी जणी व्हरांड्यात आल्या. भित्तिपत्रक फाडू नका, असं मी सांगितलं. आम्ही पांढऱ्या कागदाची एक पट्टी कापून 'तयार करतात' या शब्दांवर चिकटवली. पट्टीवर तिच्या अक्षरात लिहिलं आहे : 'तयार करत असत. २००३ ते २००६.'