दिवाणखान्यात वाघोबा!

बालमित्रांनो, २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. शाळा बंद, मैदान बंद! घरात बसून जीव कंटाळला. त्यात आजाराची धास्ती. त्या दिवसांत कित्येक मुलांच्या घरी वाघोबा आले! गूगलवर ‘टायगर’ शोधलं, की काही फोनच्या पडद्यावर वाघ थेट आपल्याच दिवाणखान्यात उभा दिसायचा. ही कसली जादू? कॅमेरा आणि हालचाल टिपणारे सेन्सर यांच्या मदतीने फोन जमीन कुठे आहे ते ओळखतो नि चित्र बरोबर तिथे बसवतो. यालाच म्हणतात ऑगमेंटेड रिअॅलिटी.

वाघ खोटा, पण आजीबरोबरचं हसणं खरं! घटकाभर मन हलकं व्हायचं. मात्र भीती मनात घर करून बसली, तर फोन ठेवा आणि आईबाबांशी बोला. ते औषध जास्त गुणकारी!