क्लचचे निदान

देऊळगाव राजा हे गाव जालना-चिखली रस्त्यावर वसलेले आहे. या रस्त्यावरून एस.टी. बस, मालट्रक, जीप आणि मोटारी रात्रंदिवस ये-जा करतात. आश्विन महिन्यात बालाजीच्या यात्रेच्या वेळी तर इतकी गर्दी होते, की गाडी चार पावले पुढे जाते आणि पुन्हा थांबते. अशा वेळी चालकाचा डावा पाय सारखा एका पेडलवर असतो. ते पेडल म्हणजे क्लच.

विद्यार्थी मित्रांनो, समजा, माल भरलेली एक जीप जालन्याहून निघाली. गावात शिरताना चालकाने गिअर बदलण्यासाठी क्लच दाबला. पेडल थेट खाली गेले. पण गिअर पडेना. नुसता खरखर आवाज आला. जवळ उभा असलेला एखादा माणूस लगेच म्हणतो, "क्लच प्लेट गेली!" प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. पैसे जातात आणि दिवसाचा धंदाही बुडतो. एवढे करूनही दोष तसाच राहिला, तर?

दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असे होऊ नये म्हणून आधी निदान करावे लागते. हकीम ज्याला 'तशखीस' म्हणतात, त्यालाच मराठीत 'निदान' म्हणतात. नाडी पाहिल्यावाचून हकीम औषध देत नाही. मिस्त्रीनेही तपासल्यावाचून पाना उचलू नये.

क्लच काय करतो?

इंजिन चालू असताना सतत फिरत असते. त्याची शक्ती गिअरबॉक्समधून चाकांकडे जाते. गिअर बदलताना हा संबंध क्षणभर तोडावा लागतो. इंजिनच्या मागे एक जड चक्र असते. त्याला लागून क्लच प्लेट असते. प्रेशर प्लेट तिला चक्रावर घट्ट दाबून धरते. त्यामुळे चक्र आणि प्लेट एकत्र फिरतात. आपण पेडल दाबले, की ही पकड सुटते. पेडल सोडले, की पकड पुन्हा बसते.

पायाचा जोर प्लेटपर्यंत पोहोचवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. जुन्या मारुती ८०० मोटारीत त्यासाठी तार होती. अनेक जीप, ट्रक आणि मोटारींत मात्र हे काम नळीतले द्रव करते. या दुसऱ्या रीतीला हायड्रॉलिक क्लच म्हणतात.

द्रवाचा दाब

फ्रान्समधील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने द्रवाविषयी एक महत्त्वाचा नियम सांगितला. त्याचा हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो, असा तो नियम आहे. उर्दूतील 'दबाव' आणि मराठीतील 'दाब' हे शब्द तुम्हांला सारखेच वाटतील.

पेडलजवळ मास्टर सिलिंडर असतो आणि क्लचजवळ स्लेव्ह सिलिंडर असतो. दोघांना एक नळी जोडते. समजा, मास्टरच्या दट्ट्यावर ५० किलोचा जोर पडला आणि त्याचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर आहे. तर दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला २५ किलो. स्लेव्हच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर असेल, तर तिथे ७५ किलोचा जोर मिळेल. जोर वाढला, पण अंतर कमी झाले. मास्टरचा दट्ट्या ३ सेंटिमीटर सरकला, तर स्लेव्हचा फक्त २ सेंटिमीटर सरकेल. म्हणून थोडे द्रव गळाले किंवा थोडी हवा शिरली, तरी क्लच पुरता सुटत नाही.

हवेने काय बिघडते, हे घरीच करून पाहा. सुई नसलेली एक नवी सिरिंज घ्या. तीत पाणी भरा, टोक बोटाने बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो जवळजवळ हलणार नाही. आता पाण्याऐवजी हवा ठेवून तसेच करा. दट्ट्या मऊपणे आत जाईल. हवा दबते, द्रव दबत नाही. नळीत हवा असली, की पायाचा जोर ती हवा दाबण्यातच संपतो.

निदान कसे करावे?

पहिला प्रश्न : क्लच सुटत नाही, की घसरतो? क्लच सुटत नसेल तर गिअर पडत नाही, खरखर होते. क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही. चढावर हे लवकर कळते. घसरणाऱ्या क्लचमध्ये बहुधा प्लेट झिजलेली किंवा तेलकट झालेली असते. सुटत नसलेल्या क्लचमध्ये मात्र आधी द्रवाची वाट तपासावी.

दुसरा प्रश्न : इंजिन बंद केल्यावर गिअर पडतो का? बंद इंजिनवर गिअर सहज पडतो आणि चालू इंजिनवर पडत नाही, तर बहुधा क्लच सुटत नाही. बंद इंजिनवरही पडत नसेल, तर गिअरचा दांडा किंवा गिअरबॉक्स तपासावा.

तिसरा प्रश्न : डबीतील द्रव किती आहे? गॅरेजमध्ये याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात. पातळी खालच्या खुणेखाली असेल, तर ते कुठेतरी गळते आहे. पेडलच्या वरचा भाग, नळीचे सांधे आणि स्लेव्हचे रबरी टोपण ओले आहे का, ते पाहावे. काही गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आवरणाच्या आत असतो. तिथली गळती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून खाली ठिबकते.

चौथा प्रश्न : पेडल पायाला कसे लागते? मऊ लागत असेल आणि तीन-चार वेळा भराभर दाबल्यावर गिअर पडत असेल, तर हवा शिरल्याचा संशय घ्यावा. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल, तर मास्टरच्या आतले रबर खराब झाले असावे. द्रव त्या रबराला वळसा घालून मागे जाते.

पाचवा प्रश्न : स्लेव्हचा दांडा सरकतो का? तो बाहेर दिसत असेल, तर इंजिन बंद ठेवून एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने पाहावे. दांडा पुरता सरकत असूनही क्लच सुटत नसेल, तर दोष आत, प्लेटकडे किंवा बेअरिंगकडे आहे. दांडा कमी सरकत असेल, तर दोष बहुधा द्रवाच्या वाटेत आहे. गिअरबॉक्स उतरवायचा की नाही, हे बरेचदा या एका तपासणीवरून ठरते.

कधी कधी रबरी नळी आतून फुगते. मग द्रव जाते, पण लवकर परत येत नाही. अशा वेळी क्लच घसरू लागतो आणि प्लेटवर विनाकारण आळ येतो.

उपाय आणि सावधगिरी

हवा काढण्यासाठी स्लेव्हवरच्या निपलला पारदर्शक नळी लावतात. नळीचे दुसरे टोक द्रव असलेल्या बाटलीत बुडवतात. एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा निपल सैल करतो. बुडबुडे बाहेर येतात. निपल पुन्हा आवळल्यावरच पेडल सोडायचे. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करायचे आणि डबी रिकामी होऊ द्यायची नाही. पण हवा शिरली कुठून, हे शोधले नाही, तर आठवड्याने तेच दुखणे परत येते.

डबीत उत्पादकाने सांगितलेलेच द्रव घालावे. ब्रेक ऑइलच्या जागी इंजिनचे तेल घातले, तर रबर फुगून निकामी होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून डबीचे झाकण उघडे ठेवू नये. ते रंगावर सांडले, तर रंग निघतो. म्हणून लगेच पाण्याने धुवावे.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. अनेक मोटारींत ब्रेक आणि क्लच यांना एकाच डबीतून द्रव मिळते. अशा गाडीत पातळी खाली गेली, तर ती ब्रेकसाठीही धोक्याची सूचना समजावी. बुलढाणा-मलकापूर मार्गावरील राजूर घाटासारख्या उतारावर ही सूचना दुर्लक्षित करणे जिवावर बेतू शकते. तसेच नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

आता आपल्या जीपकडे वळू. समजा, डबीतील द्रव कमी आहे, स्लेव्हचे टोपण ओले आहे आणि दांडा जेमतेम सरकतो. मग स्लेव्हचे रबर बदलून हवा काढली, की काम होईल. प्लेटला हात लावण्याची गरज नाही. नीट पाहणे, प्रश्न विचारणे आणि एकेक कारण वगळत जाणे, हीच निदानाची रीत आहे. ती गॅरेजमध्ये उपयोगी पडते, दवाखान्यात पडते आणि गणिताच्या वहीतही पडते.

स्वाध्याय

१. क्लच 'सुटत नाही' आणि 'घसरतो' यांतील फरक लिहा.
२. नळीत हवा शिरल्यावर पेडल मऊ का लागते?
३. पेडल दाबून धरल्यावर खाली जाते, पण बाहेर गळती नाही. दोष कोठे असावा? कारण द्या.
४. तुमच्या गावातील एखाद्या मिस्त्रीला भेटा. तो निदान कसे करतो, ते विचारून दहा ओळी लिहा.