चाळीची दुरुस्ती आणि आपली फुप्फुसं

दरवर्षी ऑगस्टमध्ये माझ्या ओपीडीत एक मावशी येतात. वय चौसष्ट. गिरणगावातल्या एका जुन्या चाळीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. दमा जुना आहे, पण एरवी पंपावर बऱ्यापैकी असतात. पावसाने जोर धरला की रात्रीचा खोकला, छातीत घरघर, दोन-तीनदा नेब्युलायझर, एखाद्या वर्षी दाखलही करावं लागतं. चार वर्षं मी त्यांची औषधं वाढवत राहिलो. मग एकदा मुलगा सोबत आला, तेव्हा त्याला सहज विचारलं, घरात ओल आहे का? त्याने मोबाइल काढून फोटो दाखवला. कपाट सरकवल्यावर दिसलेली भिंत होती. छतापासून कमरेपर्यंत काळे-हिरवट ठिपके, आणि त्याच भिंतीला टेकून मावशींचा पलंग. हा प्रश्न मी पहिल्याच वर्षी विचारायला हवा होता.

‘‘दुरुस्तीचं चाललंय डॉक्टर,’’ तो म्हणाला, ‘‘पण रिडेव्हलपमेंट होणार म्हणतात. मग आता पैसे कशाला घालायचे?’’

दक्षिण आणि मध्य मुंबईत हा प्रश्न हजारो घरांत विचारला जातो. ३० सप्टेंबर १९६९पूर्वी बांधलेल्या आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या अखत्यारीत येणाऱ्या उपकरप्राप्त इमारती अजूनही हजारोंनी उभ्या आहेत. घरभाडं काही शे रुपये, त्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस नसतो. कायदा मात्र मालकाच्याच अंगावर जबाबदारी टाकतो. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार घर राहण्याजोगं ठेवणं त्याचं काम आहे. नोटीस देऊन किमान पंधरा दिवस थांबल्यावरही त्याने काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. पण वर्षाला जास्तीत जास्त भाड्याच्या एक चतुर्थांश इतकाच. महिना तीनशे रुपये भाडं धरा, म्हणजे वर्षाला नऊशे रुपये. गवंडी आणि बिगारी एक दिवस आले तरी ते संपतात. म्हणून मंडळाकडे अर्ज, चाळकमिटीची वर्गणी आणि वाट पाहणं, एवढंच उरतं.

मी इंजिनिअर नाही, वकीलही नाही. पण दुरुस्ती केव्हा काढायची या प्रश्नात डॉक्टरने बोलण्यासारखं बरंच आहे.

आधी ओलीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओल आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांत दमा बळावणं, खोकला, घरघर आणि श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त दिसतात, हे त्यात नोंदवलं आहे. मात्र ‘हवेत इतकी बुरशी चालेल’ असा आकडा त्यांनी दिलेला नाही, कारण तसा ठरवण्याइतका पुरावा नव्हता. म्हणून बुरशीची जात ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत पैसे घालवू नका. ती दिसली किंवा कुबट वास आला, की पाणी कुठून येतंय ते शोधायचं.

ते शोधायची एक घरगुती युक्ती आहे. ओलसर जागेवर प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले असतील, तर ती खोलीतलीच वाफ आहे. मोरी, स्वयंपाक आणि आत वाळत घातलेले कपडे एकाच दहा-बाय-बाराच्या खोलीत असले की हे होणारच. खिडकी उघडी ठेवणं आणि बाहेर हवा फेकणारा पंखा बसवणं यावर पुष्कळदा भागतं. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील, तर पाणी भिंतीतून येतंय. मग गच्ची, पन्हळी, सांडपाण्याचे पाइप किंवा वरची सामायिक शौचालयं बघायला हवीत, आणि ते एकट्या खोलीचं काम राहत नाही.

भिंतीत शिरलेलं पाणी नुसती बुरशी देऊन थांबत नाही. जुन्या चाळींत लाकडी तुळया असतात. त्यांची भिंतीत रोवलेली टोकं आधी कुजतात, आणि ती बाहेरून दिसत नाहीत. काँक्रीटमध्ये वेगळंच घडतं. ताजं काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं की आतल्या सळईला गंज चढत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरत गेला की तो गुण जातो आणि ओल मिळताच सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो. छताचा पोपडा पडला म्हणून वर गिलावा थापणं म्हणजे गळवावर पट्टी चिकटवण्यासारखं आहे. तपकिरी ओघळ, सळईच्या रेषेत गेलेली भेग, अचानक अडकू लागलेलं दार किंवा खचलेली गॅलरी दिसली, तर पुढची सभा होईपर्यंत थांबायचं नाही. इंजिनिअरला त्याच आठवड्यात बोलवायचं.

तीस वर्षांवरच्या इमारतींना मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. महापालिका त्यानुसार वर्ग लावते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२चे दोन पोटवर्ग आहेत, एकात मोठ्या दुरुस्तीसाठी घरं रिकामी करावी लागतात, दुसऱ्यात लोक राहत असताना काम करता येतं. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आमच्या अपघात विभागातही रुग्ण असेच वेगळे काढतात.

आता ‘केव्हा’चं. आपल्याकडे दुरुस्तीची आठवण मे महिन्यात होते, कारण त्याच सुमारास म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी येते. वर्गणी जमेपर्यंत जून उजाडतो, गच्ची उकरलेली असते आणि वर ताडपत्री. यापेक्षा वाईट वेळ नाही. माझ्या मते ठरवायची वेळ गणपतीची. पावसाळा सरत आलेला असतो, ओल भिंतीवर स्पष्ट दिसते आणि बाहेर राहायला गेलेलेही त्या दहा दिवसांत चाळीत येतात. प्रत्येक खोलीत ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून तारीख घाला आणि फोटो काढा. इंजिनिअरला याहून चांगला नकाशा मिळणार नाही. दिवाळीनंतर काम सुरू करून एप्रिलअखेर संपवायचं आणि मे महिना वाळायला ठेवायचा. यात एक अडचण आहे. मुंबईची हवा थंडीतच सगळ्यात खराब असते आणि त्यात सिमेंटची धूळ म्हणजे दमेकऱ्याला दुहेरी मार. म्हणून तोडफोडीचा भाग शक्यतो फेब्रुवारीनंतर ठेवा.

क्रमही चुकवू नका. आधी पाणी बंद, मग तुळया-सळया, मग गिलावा, रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत उलट होतं, कारण रंग स्वस्त पडतो आणि लगेच दिसतो. मावशींच्या घरी तीन वर्षांत दोनदा रंग झाला होता!

तोडफोडीच्या काळात घरात कोणी राहायचं नाही, ही यादी कमिटीने आधीच करावी. मूत्रपिंड किंवा अन्य अवयव बदललेले, केमोथेरपी चालू असलेले आणि बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे लोक धूळ बसेपर्यंत दुसरीकडे गेलेच पाहिजेत. जुन्या भिंती फोडताना अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू हवेत उडतात. निरोग्याला त्याचं काही होत नाही, या रुग्णांना मात्र जीवघेणा न्यूमोनिया होऊ शकतो. रुग्णालयात बांधकाम निघालं की असे वॉर्ड आम्ही त्यासाठीच बंदिस्त करतो. तान्ही मुलं आणि गरोदर स्त्रियांची काळजी वेगळ्या कारणासाठी. कठड्यांवर आणि दारांवर तैलरंगाचे थरावर थर असतात. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९०पर्यंत असावं हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. शिसं मुलांच्या मेंदूला कमी प्रमाणातही घातक ठरतं. जुना रंग कोरडा घासायचा नाही, ब्लोलॅम्पने जाळायचा नाही. पाणी मारून खरवडायचा आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायची. सिमेंटचे जुने पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात, ते फोडू वा कापू नका, अखंड उतरवा. बिगाऱ्यांनाही चांगले मास्क द्या. विटा आणि चुना यांच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साचते आणि क्षयाला वाट करून देते. साठवलेलं पाणी झाका. एडिसची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ आठवडा-दहा दिवसांत होते.

पण जायचं म्हटलं की म्हातारी माणसं ऐकत नाहीत. ‘‘एकदा कुलूप लागलं की खोली गेली,’’ मावशी म्हणाल्या. ही भीती खोटी नाही, अशी कुलपं लागलेली त्यांनी पाहिली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे की इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. तरी तोंडी आश्वासनावर बाहेर पडू नये. खोलीचं मोजमाप, भाडेपावत्या आणि परत येण्याची लेखी हमी आधी हातात घ्यावी. वकिलाची फी दाखल होण्याच्या खर्चापेक्षा कमीच असते.

राहिला रिडेव्हलपमेंटचा प्रश्न. ती होईल तेव्हा होईल, पण दहा वर्षं वाट पाहिली तर आज आठ वर्षांचं असलेलं मूल तोवर अठरा वर्षांचं होईल, आणि फुप्फुसांची क्षमता विशीच्या आसपास पोहोचेपर्यंतच वाढते. नवी इमारत आरोग्यदायी असेलच असंही नाही. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आणला होता. त्याचा अर्थ असा की इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीपेक्षा जास्त नको. शंभर वर्षांनी आपण काय बांधलं? गोवंडी-मानखुर्दच्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये झाला, तेव्हा इमारती एकमेकींना चिकटून असलेल्या आणि खालच्या मजल्यांवर ऊन न पोहोचणाऱ्या वसाहतींत क्षय जास्त आढळला. बिल्डरच्या नकाशात चौरस फूट मोजताना समोरच्या इमारतीचं अंतरही विचारा.

मावशींच्या चाळीने शेवटी पूर्ण दुरुस्तीचा नाद सोडला. वर्गणीतून फक्त गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि सांडपाण्याचे दोन उभे पाइप बदलले. दुसऱ्या मजल्यावरचा किडनी बदललेला तरुण पाच आठवडे डोंबिवलीला बहिणीकडे राहिला. मावशींनी पलंग दुसऱ्या भिंतीला लावला, इथून हलल्या मात्र नाहीत. या ऑगस्टमध्ये त्या आल्या त्या महिन्याच्या गोळ्या घ्यायला. घरघर होती, थोडी. मुलाने फोटो दाखवला. पेन्सिलीच्या जुन्या रेघेच्या आत, हातभर खाली, एक नवी रेघ होती. तिच्या वरचा भाग कोरडा होता आणि रंग अजून दिलेला नव्हता.