करमुक्त खाते कोणाचे?

व्यापारी घराची चोपडी एक असते. दुकानाचा गल्ला, घराचा खर्च, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, धाकट्या भावाच्या नव्या गाळ्यासाठी दिलेली उचल, हे सारे एकाच हाताने मांडले जाते आणि त्या हातावर घरातील प्रत्येकाचा विश्वास असतो. पिढ्यान्‌पिढ्या ही पद्धत आपल्याला उपकारक ठरली. परंतु सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले पीपीएफचे खाते या पद्धतीत बसत नाही. ते खाते कुटुंबाचे नसते, पेढीचे नसते. ते एका व्यक्तीचे असते. करमुक्त खात्यांसंबंधी व्यापारी कुटुंबांना होणारा बहुतेक मनस्ताप या एका गोष्टीच्या विस्मरणातून उद्भवतो.

हा विषय आता शहरापुरता राहिलेला नाही. पूर्वी ग्रामीण शाखा डाकघरात बचत खाते, आवर्ती ठेव, मुदत ठेव आणि सुकन्या समृद्धी एवढेच व्यवहार होत. जुलै २०२० पासून पीपीएफ, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र आदी योजनाही शाखा डाकघरांपर्यंत नेण्यात आल्या. मुळशी तालुक्यात पिरंगुट-घोटावडे भागातील भरे गावाचा विचार करा. भोवती कारखाने उभे राहिले, जमिनींना भाव आले, वस्ती वाढली आणि तिच्यामागून दुकानेही वाढली. अशा गावात किराणा वा हार्डवेअरचे दुकान चालविणाऱ्या गृहस्थाच्या हाती पूर्वीपेक्षा अधिक पैसा खेळतो आणि त्याला ‘करमुक्त’ हा शब्द ऐकविणारेही अधिक भेटतात. त्यामुळे त्या शब्दाचा अर्थ नीट तपासून घेणे अगत्याचे झाले आहे.

पीपीएफ योजना १ जुलै १९६८ रोजी सुरू झाली. सध्या २०१९ ची सुधारित योजना लागू आहे. वर्षाला किमान ५०० रुपये आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. खाते उघडले ते आर्थिक वर्ष सोडून पुढे १५ वर्षांची मुदत असते. नोव्हेंबर २०१० मध्ये उघडलेल्या खात्याची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्हे, ३१ मार्च २०२६ अखेर पूर्ण होते.

आपल्या समाजात सर्वांत मोठा गोंधळ झाला तो हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, म्हणजे एचयूएफच्या खात्यांबाबत. आयकराच्या दृष्टीने जैन कुटुंबही एचयूएफ होऊ शकते आणि अनेक घरांत कर्त्याने त्या नावाने पीपीएफ खाती उघडली होती. १३ मे २००५ पासून अशी खाती उघडण्यास मनाई झाली. त्यापूर्वीची खाती मुदत संपेपर्यंत चालली. पुढे मुदतवाढ मिळाली नाही. त्या तारखेनंतर अनवधानाने उघडलेले खाते मात्र अनियमित ठरते आणि भरलेली मुद्दल व्याजाविना परत मिळते. खात्यात वर्षानुवर्षे व्याज जमा होताना दिसत होते, ही सबब चालत नाही. एचयूएफला एक वाट उरते: सदस्याच्या वैयक्तिक खात्यात रक्कम भरून जुन्या करपद्धतीत तिची वजावट घेता येते. मात्र दीड लाखाची मर्यादा त्या सदस्याचीच राहते आणि पैसाही कायद्याने त्याच्याच खात्यातला असतो.

दुसरा गोंधळ अनेक खात्यांचा. एक खाते पौड रस्त्यावरच्या बँकेत, एक डाकघरात, एक मुलाच्या नावाने आणि चौथे आजोबांनी नातवासाठी. वास्तविक एका व्यक्तीस एकच पीपीएफ खाते ठेवता येते आणि स्वतःचे खाते व पालक या नात्याने अज्ञान मुलाचे खाते, दोन्ही मिळून दीड लाखाचीच मर्यादा आहे. पत्नीचे खाते स्वतंत्र, तिची मर्यादाही स्वतंत्र. अर्थ मंत्रालयाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी अशा अनियमित खात्यांसाठी सूचना काढल्या. त्या १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाल्या. त्यांनुसार दोन खाती असल्यास एक प्रमुख मानले जाते, दुसऱ्यातील रक्कम वार्षिक मर्यादेत बसेल तेवढी त्यात मिळविली जाते आणि उरलेली व्याजाविना परत होते. तिसऱ्या व त्यापुढील खात्यांना उघडल्या दिवसापासून व्याज नाही.

आजोबांचा उल्लेख केला तो उगाच नव्हे. सुकन्या समृद्धी योजना २२ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली, तेव्हा कित्येक आजोबांनी हौसेने नातीच्या नावे खाते उघडले. दहा वर्षांखालील मुलीसाठी, एका कुटुंबात दोन मुलींपर्यंत (जुळ्या-तिळ्यांचा अपवाद सोडून) ही सोय आहे. पण खाते उघडण्याचा अधिकार आई-वडिलांचा किंवा कायदेशीर पालकाचा. आई-वडील हयात असता आजोबा कायद्याने पालक होत नाहीत. २०२४ च्या सूचनांनुसार अशा खात्यांचे पालकत्व आई किंवा वडिलांच्या नावे करून घ्यावे लागते. आजोबांच्या मायेविषयी कायद्याचे काही म्हणणे नाही. त्यांनी रक्कम मुलाला वा सुनेला द्यावी आणि त्यांनी ती खात्यात भरावी.

आता व्याजाकडे वळू. १ एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. १९८६ पासून जानेवारी २०००पर्यंत तो १२ टक्के होता, ही आठवण ज्येष्ठांना असेल. दर तिमाहीला सरकार तो बदलू शकते आणि पंधरा वर्षांच्या बांधिलकीत हा धोका मान्य करूनच उतरावे लागते. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या आणि महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. म्हणून दीड लाख रुपये ५ एप्रिलऐवजी ६ एप्रिलला भरले तर ८८७ रुपये ५० पैसे गेले. एवढ्याने काय होते, असे म्हणणाऱ्याने पुढचा हिशेब पाहावा. दर स्थिर धरून पंधरा वर्षे सलग एप्रिलच्या आरंभी दीड लाख भरणाऱ्याचे सुमारे ४० लाख ६८ हजार होतात. तीच रक्कम दरवर्षी मार्चअखेरीस, कर वाचविण्याच्या घाईत भरणाऱ्याचे सुमारे ३७ लाख ९८ हजार. फरक जवळजवळ २ लाख ७० हजारांचा. व्यापाऱ्याला दोन टक्के रोख सवलतीचे मोल समजावून सांगावे लागत नाही. हेही तसेच आहे.

पण हे खाते सर्वांनाच सारखे लाभदायक आहे काय? माझ्या मते नाही. ३० टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरून ३१.२ टक्के कर भरणाऱ्यास करपात्र ठेवीवर सुमारे १०.३ टक्के व्याज मिळाले, तरच ती पीपीएफच्या बरोबरीला येते. त्याच्यासाठी प्रश्नच नाही. मात्र २०२३-२४ पासून नवी करपद्धती हीच मूळ पद्धत झाली आहे आणि तीत कलम ८० सीची वजावट मिळत नाही. व्याज मात्र तीतही करमुक्त राहते. (२०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे जुन्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.) नव्या पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. भरे गावातल्या ज्या दुकानदाराचे उत्पन्न या मर्यादेत आहे, त्याला करमुक्ती विकणारा वस्तुतः काहीच विकत नसतो. अशा दुकानदाराने खाते उघडायचे ते दुसऱ्या दोन कारणांसाठी.

पहिले कारण सुरक्षितता. पीपीएफची रक्कम बँकेत भरली तरी तिची हमी केंद्र सरकारची असते. पुण्यातील रुपी सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २२ सप्टेंबर २०२२ पासून तिचा परवाना रद्द झाला. या काळात ठेवीदारांवर काय गुदरले हे पुणेकर व्यापाऱ्यांना सांगावयास नको. बँकेतील ठेवींना निदान पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवींना तोही नाही.

दुसरे कारण व्यापाऱ्यासाठी विशेष मोलाचे आहे. खातेदाराच्या कर्जापोटी वा देण्यापोटी कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाने पीपीएफच्या शिलकीवर जप्ती येऊ शकत नाही. उधारी बुडाली, भागीदाराने दगा दिला, गोदाम जळाले, तरी ही रक्कम घराच्या चुलीसाठी शाबूत राहते. म्हणूनच दिवाळीच्या मालासाठी ती मोडण्याची घाई करू नये. एकदा ती काढून पेढीच्या चालू खात्यात आणली की तिचे कवच गेले. नियमांनीही हात आखडता ठेवला आहे. तिसऱ्या ते सहाव्या आर्थिक वर्षात शिलकीच्या २५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळते. शिल्लक मात्र मागच्या दुसऱ्या वर्षअखेरची धरतात. कर्जावर एक टक्का व्याज आणि फेडीस ३६ महिने. मुदत चुकली तर सहा टक्के. सातव्या वर्षापासून वर्षातून एकदा अंशतः रक्कम काढता येते. मुदतीपूर्वी खाते बंद करावयाचे तर गंभीर आजार, उच्च शिक्षण किंवा परदेशी वास्तव्य यांपैकी कारण लागते आणि व्याजात एक टक्का कपात होते. व्यापारातील मंदी या यादीत नाही.

येथे एक धर्मविचार आठवतो. उमास्वातींच्या (दिगंबर परंपरेत उमास्वामींच्या) तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. खोटी मापे आणि भेसळ यांच्याच पंक्तीत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन येते. चौघांच्या नावे सहा खाती काढून मर्यादा ओलांडणे ही हुशारी नव्हे, हे सांगण्यास आयकर अधिकाऱ्याची गरज नाही.

नामनिर्देशनाबाबतही गैरसमज खोलवर रुजलेला आहे. ‘नॉमिनी म्हणून माझे नाव आहे, म्हणजे पैसे माझे’ असे अनेकांना वाटते. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर २० ऑगस्ट २०१३ रोजी निवर्तले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते आणि काही म्युच्युअल फंडांत नॉमिनींची नावे होती. नॉमिनी मालक की विश्वस्त, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नामनिर्देशनाने वारसा कायदा बाजूला सारला जात नाही. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रांबाबतही न्यायालयाने २००० साली हेच म्हटले होते: नॉमिनीने रक्कम स्वीकारावयाची ती वारसांच्या वतीने. तेव्हा पत्नीलाच रक्कम मिळावी अशी इच्छा असेल तर नॉमिनेशन हवे आणि मृत्युपत्रही हवे. नॉमिनेशनच नसेल तर पाच लाखांवरील रकमेसाठी वारसा प्रमाणपत्र, प्रोबेट यांसारख्या न्यायालयीन कागदांमागे धावावे लागते, तेही नेमके दुखवट्याच्या दिवसांत. लग्नापूर्वी खाते उघडलेल्या कित्येक पुरुषांच्या पुस्तकात आजही आईचेच नाव आहे. ते पाहून घ्यावे.

मुले परदेशी गेलेल्या घरांसाठी आणखी थोडे. अनिवासी भारतीयास नवे पीपीएफ खाते उघडता येत नाही. निवासी असताना उघडलेले खाते मुदतीपर्यंत चालविता येते, पुढे वाढविता येत नाही. भारतातील करमुक्ती अमेरिकेत चालत नाही, तेथील रहिवाशाला हे व्याज तिथल्या विवरणपत्रात दाखवावे लागते. कॅनडात २००९ पासून ‘टॅक्स-फ्री सेव्हिंग्ज अकाउंट’ आहे. तेथे मर्यादेहून अधिक भरल्यास जादा रकमेवर दरमहा एक टक्का दंड बसतो आणि त्या खात्यातून कोणी धंद्यासारखी शेअरांची उलाढाल केली तर नफ्यावर करही लागतो. टोरांटोतील मुलाने तिथल्या खात्याचा हिशेब भारतातील वडिलांच्या चोपडीत मिसळू नये आणि वडिलांनी येथील खात्यात त्याच्या नावाने भरणा चालू ठेवण्यापूर्वी त्याचा निवासी दर्जा बँकेला कळविला आहे ना, हे विचारावे. वाढीव मुदतीत चालू राहिलेल्या अशा खात्यांवर १ ऑक्टोबर २०२४ पासून व्याज मिळत नाही.