वरणावर राग कशाला?

"रिपोर्टात प्रोटीन पॉझिटिव्ह आलंय, म्हणून डाळ, अंडी, पनीर सगळं बंद केलंय." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकताच कपाळावर हात जातो. केमो चालू असलेल्या माणसाला पेजेवर ठेवायचं आणि वर 'कॅन्सरला उपाशी मारतोय' म्हणायचं! उपाशी मरतो तो माणूस. ताटातल्या प्रथिनाचे पोटात अमिनो आम्लांपर्यंत तुकडे होतात. वरणातलं प्रथिन अख्खं उठून पेशीत निरोप पोचवायला जात नाही. 'एस्पेन' या युरोपीय पोषणसंस्थेच्या मार्गदर्शिकेत कॅन्सरच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ग्रॅमहून जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत प्रथिन द्यावं असं म्हटलंय. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांचं ऐका.)

रिपोर्टातलं प्रथिन पेशी स्वतःच बनवते. बरं, ते तरी मुळातून दुष्ट असतं का? शिकलेली माणसंही तसं धरून चालतात. बीटा-कॅटेनिन घ्या. तुमच्या-माझ्या आतड्यात ते आत्ताही आहे. पेशीच्या कडेला, ई-कॅडहेरिनच्या आतल्या टोकाला धरून, शेजारच्या पेशीशी जोड पक्का ठेवायचं काम करतं. जे रेणू सुटे फिरतात त्यांना एपीसी, ॲक्सिन ही प्रथिनं आणि त्यांचे साथीदार गाठतात, फॉस्फेटची खूण करतात आणि मोडीत काढायला पाठवतात. बाहेरून 'विंट'चा निरोप आला तरच ही मोडतोड थांबते. मग बीटा-कॅटेनिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि टीसीएफच्या जोडीनं मिकसारखी वाढीची जनुकं चालू करतं. आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं ते या निरोपामुळेच. तो कायमचा बंद पाडणं परवडणारं नाही.

घोटाळा होतो तो एपीसी बिघडल्यावर, आणि मोठ्या आतड्याच्या सुमारे ८० टक्के कॅन्सरांत ते बिघडलेलं असतं. निरोप आलेलाच नसतो, तरी केंद्रकात 'वाढा, वाढा' चालू.

हे काचपट्टीवर चक्क दिसतं. निरोगी अस्तरात बीटा-कॅटेनिन दाखवणारा तपकिरी रंग पेशींच्या कडेकडेनं जाळीसारखा उमटतो आणि केंद्रकं निळी राहतात. गाठीत तोच तपकिरी रंग आत सरकून केंद्रकं झाकोळून टाकतो. प्रथिन तेच, जागा बदललेली. म्हणून नुसतं 'पॉझिटिव्ह' वाचून घाबरू नका; पुढे 'मेंब्रेनस' लिहिलंय की 'न्यूक्लियर', ते डॉक्टरांना विचारा.

आणखी दोन गोष्टी कानावर येतात.

'एपीसी बिघडलं म्हणजे रोग घराण्यातला.' बहुतेकदा नाही. हा बिघाड आयुष्यात केव्हातरी त्या एका पेशीत झालेला असतो. जन्मतः येणारा, शेकडो पॉलिप उगवणारा प्रकार मोठ्या आतड्याच्या कॅन्सरांत १ टक्क्याहूनही कमी.

'प्रथिनाची जागा हिसकावली की काम फत्ते.' कागदावर. केरास हे प्रथिन पेशीच्या पडद्याला आतून चिकटतं ते फार्नेसिल नावाच्या तेलकट शेपटीनं. ती शेपटी जोडूच न देणारी औषधं निघाली. केरासनं दुसऱ्या जातीची शेपटी लावून घेतली आणि पडद्यावर जाऊन बसलं. माणसांवरच्या चाचण्यांत ही औषधं केरास बिघडलेल्या कॅन्सरांपुढे हरली. अमेरिकेत २०२१ साली फुफ्फुसाच्या कॅन्सरासाठी मंजूर झालेलं सोटोरासिब शेपटीच्या नादी लागत नाही. केरासच्या जी१२सी या एकाच बिघाडाला ते थेट जाऊन चिकटतं.