बगळ्यापुढे बसायचे तर

डिसेंबरात निफाडची थंडी हाडात शिरते. द्राक्षबागा आणि उसाचे फड मागे टाकत रस्ता चापडगावला पोहोचतो, तेव्हा नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर धुके असते. काठाच्या पाणकणसाजवळ एक राखी बगळा मान खांद्यांत ओढून उभा असतो. त्याचा फोटो घ्यायला आलेला माणूस ओल्या गवतात पालथा पडतो, धान्य भरलेल्या कापडी पिशवीवर लेन्स टेकवतो आणि थांबतो. अर्धा तास, कधी तासभर.

हे पाणथळ माणसाच्या हातून घडले. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. पाणी अडले, मागे गाळ साचत गेला, उथळ डबकी आणि मातीची बेटे तयार झाली. शेतीसाठी अडवलेल्या पाण्यावर पक्ष्यांनी संसार मांडला. १९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीतले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. हिवाळ्यात थापट्या आणि तलवार बदके उत्तरेकडून येतात. हळदी-कुंकू बदके, जांभळ्या पाणकोंबड्या आणि काळ्या अंगावर पांढरा टिळा लावलेले वारकरीही येथे दिसतात.

पण कॅमेरा शिकायचा तर बगळ्यापासून सुरुवात करावी, असे जुनेजाणते सांगतात.

ढोंगी माणसाला आपण बकध्यान लावणारा म्हणतो. प्रत्यक्षात त्या ध्यानात ढोंग नाही, ती शिकार आहे. बगळ्याचे डोळे असे बसलेले असतात की त्याला चोचीच्या खालचेही नीट दिसते. मानेच्या मणक्यांची ठेवण अशी, की इंग्रजी ‘एस’सारखी दुमडलेली मान क्षणात सरळ होते. पाण्यात मासा असतो त्यापेक्षा वेगळ्या जागी दिसतो, हा हिशेबही त्याच्या नेमात धरलेला असतो. झेप घेण्याआधी मान किंचित पुढे झुकते, अंग ताणले जाते. ही खूण ओळखणाऱ्यालाच चोचीतून निसटणारे थेंब टिपता येतात. मासा चोचीत आल्यावरही बोट शटरवरून काढू नये. बगळा मासा फिरवून डोक्याकडून गिळतो आणि खरे नाट्य त्या दोन-तीन सेकंदांत असते.

या घडीसाठी शटरचा वेग सेकंदाच्या सोळाशेव्या भागाइतका किंवा त्याहून जास्त लागतो. ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स असली की पक्ष्याच्या जवळ जावे लागत नाही. नेम डोळ्यावर धरायचा. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणला, की मागचे पाणी धूसर होते आणि पक्षी ठसठशीत उठून दिसतो. म्हणून तर चिखलात पालथे पडायचे. सूर्य पाठीशी असावा आणि ऊन कोवळे.

पांढऱ्या बगळ्यांपाशी नवखे हमखास फसतात. गडद पाण्यावर छोटा बगळा उभा असेल, तर कॅमेऱ्याला सारे दृश्य काळोखे वाटते. तो जास्त प्रकाश घेतो आणि पिसांच्या जागी नुसता चुन्याचा डाग उमटतो. अशा वेळी उजेड थोडा कमी करावा लागतो. तेव्हाच पाठीवरचे एकेक पीस वेगळे दिसते आणि काळ्या पायांची पिवळी बोटेही, जी हलवून तो चिखलातले किडे-मासे उठवतो. ढोकरीचे याच्या उलट. मातकट रंगाची ही छोटी बगळी काठावर बसली की दिसतच नाही. पाय अगदी जवळ पडला की एकदम उडते आणि पांढरेशुभ्र पंख उघडतात. चित्र हुकते ते तिथेच.

याच पिसांपायी बगळे एके काळी संपत चालले होते. विणीच्या हंगामात पाठीवर येणारी नाजूक तुऱ्यांची पिसे युरोपात बायकांच्या टोप्यांवर मिरवत आणि त्यासाठी शिकारी थेट घरट्यांच्या वसाहतींवर बंदुका चालवत. १९०६ मध्ये आर्थर मॅटिंगली हे मेलबर्नचे पक्षी-अभ्यासक न्यू साउथ वेल्समधल्या अशाच एका वसाहतीत कॅमेरा घेऊन पोहोचले. मोठे पक्षी मारले गेले होते आणि घरट्यांत पिल्ले भुकेने मरत होती. त्यांनी काढलेली ती छायाचित्रे १९११ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरून फलकांवर फिरवली गेली. १९२१ मध्ये ब्रिटनने अशा पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा केला. बगळ्यांच्या बाजूने कॅमेरा साक्षीला उभा राहिला होता.

आज तोच कॅमेरा त्यांना छळू लागला, तर त्याहून वाईट काय? उडताना फोटो मिळावा म्हणून खडे मारणे, रोहितांच्या थव्यात नाव घालणे, आवाजाचे रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलावणे असे प्रकार पाणथळांवर घडतात. घरट्यापाशी तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. आई उडाली की कावळे अंडी पळवतात आणि उघडी पिल्ले उन्हाने होरपळतात. अभयारण्यात वन्यजीवांना त्रास देणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. पण कायदा प्रत्येक पाणकणसामागे उभा राहू शकत नाही.

म्हणून यंदा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत नांदूरला किंवा आपल्या गावच्या तळ्यावर जाल, तर सूर्योदयाआधी पोहोचा, मातकट रंगाचे कपडे घाला आणि स्थानिक मार्गदर्शकाचे ऐका. बगळ्याने मान उंच करून तुमच्याकडे रोखून पाहिले, तर तिथेच थांबा. घरटे दिसले, तर फोटो न काढता मागे फिरा आणि त्याची जागा कुणालाही सांगू नका.